सात पावलांच्या पुढे

श्रोतेहो, दोन माणसे सात पावले बरोबर चालली म्हणजे त्यांचे सख्य जुळते, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. लग्नातली सप्तपदी याच समजुतीची. सख्य जुळायला सात पावले पुरतात, हे मला पटते. एका बाकावर बसलेली, एका ओढ्यात डुंबलेली पोरे दोन दिवसांत जिवलग होतात, हे शिक्षक मंडळी रोजच पाहतात. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ती मैत्री चाळीस वर्षे टिकायची, तर आठवे पाऊल कोणते? आणि ते टाकायचे कोणी?

तिशी-पस्तिशी उलटली की पुरुषाचे मित्र कसे गळत जातात, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करून पाहावा. भांडण झालेले नसते, वैर नसते. एक जण नोकरीला शहरात जातो, दुसरा शेतीत गुंततो. मग लग्नाकार्यात गाठ पडते. "काय, कसं काय?" "बरं आहे." एवढी देवघेव होते आणि दोघे पंगतीत निरनिराळ्या टोकांना जाऊन बसतात. घरी गेल्यावर मात्र चुटपुट लागून राहते, की याच्याशी बोलायचे होते, ते राहूनच गेले.

आज मी तुम्हांला अशा दोन मित्रांची हकीकत सांगणार आहे, की ज्यांनी हे आठवे पाऊल पुनःपुन्हा टाकले. दोघेही इंग्रज. पण त्यांच्या मैत्रीची खरी कसोटी लागली ती आपल्या हिमालयात, नंदादेवीच्या पायथ्याशी. म्हणून ती आपल्याला अगदीच परकी नाही.

एकाचे नाव एरिक शिप्टन आणि दुसऱ्याचे टिलमन. टिलमन १८९८ साली जन्मला. शाळेतून निघाला तो थेट पहिल्या महायुद्धाच्या खंदकात. विशीच्या आत दोनदा शौर्यपदक मिळाले आणि त्याच वयात बरोबरीची कितीतरी मुले डोळ्यांदेखत गेली. युद्ध संपल्यावर तो पूर्व आफ्रिकेतल्या केनियात जमीन घेऊन कॉफीची लागवड करू लागला. शिप्टन त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. जन्म १९०७ चा, सिंहलद्वीपातला. बाप लहानपणीच गेला. शाळेत अभ्यासात मागे, पण डोंगराचे वेड लहानपणापासूनचे. तोही १९२८ साली केनियात शेतीचे काम शिकायला आला आणि पुढच्याच वर्षी माउंट केनियाच्या दोन्ही शिखरांवर जाऊन आला. हे टिलमनच्या कानी गेले. त्याने अनोळखी शिप्टनला पत्र टाकले आणि मैत्रीला आरंभ झाला.

स्वभाव पाहावे तर एक दक्षिणेचा, दुसरा उत्तरेचा. टिलमन अबोल, कडक, पहाटे अंधारात उठून इतरांना उठवणारा. शिप्टन गप्पिष्ट, वादाची हौस असलेला, सकाळची साखरझोप सोडायला नाखूश. एक जन्मभर अविवाहित राहिला. दुसऱ्याने संसार मांडला. घरात एका खोलीत बसवले असते, तर आठवड्यात कंटाळले असते. परंतु ते खोलीत बसले नाहीत, चालले.

१९३० साली दोघे मिळून किलिमांजारोवर गेले आणि मग माउंट केनियाच्या पश्चिम धारेवरून चढून त्यांनी ते शिखर गाठले. त्या वाटेने तोवर कोणी गेलेले नव्हते. त्याच मुक्कामात एका लहान सुळक्यावरून उतरताना टिलमनचा पाय घसरला. तो दोरावर लोंबकळला आणि बेशुद्ध झाला. वर शिप्टनने दोर धरून ठेवला होता, म्हणून तो वाचला.

या दोराविषयी दोन शब्द सांगायला हवेत. कडा चढताना दोघे एकाच दोराला बांधलेले असतात. दोघांनी एकदम चढायचे नसते. एक चढतो तेव्हा दुसरा पाय रोवून जागच्या जागी उभा राहतो, दोर खांद्यावरून थोडा थोडा सोडतो आणि वरच्याकडे डोळा ठेवतो. मग वरचा थांबतो आणि खालचा चढू लागतो. एकाचे चालणे दुसऱ्याच्या थांबण्यावर अवलंबून असते. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात, आज तुझे रान, उद्या माझे, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे बारी चुकली तर पेरणी लांबत नाही, जीव जातो.

पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. शिप्टन १९३३ साली एव्हरेस्टच्या मोठ्या मोहिमेवर गेला. पुष्कळ साहेब, शेकडो हमाल, पेट्याच पेट्या, आणि शिखर काही मिळाले नाही. त्या लटांबराचा त्याला उबग आला. त्याच वर्षी टिलमनने केनिया सोडले आणि स्वस्तातली एक सायकल घेऊन युगांडापासून आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकट्याने गाठला. दोघेही इंग्लंडात परतले. १९३४ सालच्या सुरुवातीला टिलमनने शिप्टनला पत्र लिहिले की, इंग्लंडातल्याच डोंगरांत पंधरा दिवस भटकायला येतोस का? शिप्टनने उलट कळवले की, पंधरा दिवस कशाला, सात महिने हिमालयात जाऊ. टिलमन तयार झाला.

श्रोतेहो, या पत्रापाशी आपण क्षणभर थांबू या. टिलमनने तेव्हा पस्तिशी ओलांडली होती आणि शिप्टन सव्वीस वर्षांचा होता. दोघांपाशी फारसा पैसा नव्हता. नको म्हणायला कारणे वाटेल तितकी होती. पण एकाने विचारले आणि दुसऱ्याने मागितल्याच्या चौदा पट देऊ केले. मैत्रीतले आठवे पाऊल म्हणजे हे विचारणे, असे मला वाटते. साधी गोष्ट आहे. पण ती न केल्यामुळे किती मैत्र्या वाळून जातात!

मालवाहू जहाजाने दोघे कलकत्त्याला आले. दार्जिलिंगकडचे आंगथारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा त्यांना येऊन मिळाले. दोघांचा जाण्यायेण्यासकट सारा खर्च तीनशे पौंडांच्या आत बसला. ज्या मोहिमेचा आराखडा लिफाफ्याच्या पाठीवर मावत नाही ती मोहीमच नको, अशी त्यांची धारणा होती.

नंदादेवी हे शिखर ७,८१६ मीटर उंच, म्हणजे पंचवीस हजार फुटांच्याही वर. त्याच्याभोवती निसर्गाने सुमारे सत्तर मैलांचा तट उभारला आहे. हा तट बहुतेक ठिकाणी अठरा हजार फुटांहून उंच. आपल्या गडाला बालेकिल्ला असतो आणि त्याला तटबंदी असते, तसेच समजा ना. त्या तटाला दरवाजा एकच. आतल्या हिमनद्यांचे पाणी घेऊन ऋषिगंगा ज्या घळीतून बाहेर पडते ती घळ. डॉक्टर लाँगस्टाफ याने १९०५ साली तटाच्या माथ्यावरून आत डोकावून पाहिले होते. त्यानंतरही प्रयत्न झाले. पण आत उतरून त्या भूमीवर कोणी पाऊल ठेवल्याची नोंद नव्हती.

राणीखेतहून जोशीमठ आणि जोशीमठाहून ऋषिगंगेची घळ. घळीच्या तोंडाशी सामान टाकून हमाल परतले आणि पाच माणसे उरली. खाली नदी गर्जत होती, वर उभे कडे. कड्यांच्या पोटातून एखादी कपार सापडायची, ती पुढे जाऊन तुटायची. मागे फिरायचे, वर नाहीतर खाली दुसरी कपार शोधायची. साऱ्यांचे ओझे एकदम नेता येत नसे. थोडे पुढे नेऊन ठेवायचे, पुन्हा मागे येऊन उरलेले न्यायचे. ओझे साहेबांच्याही पाठीवर तेवढेच, शेर्पांच्याही पाठीवर तेवढेच. खाणेही एकच. सातूचे पीठ, तांदूळ, कणकीच्या चपात्या, तूप. इंग्लंडातले डबे नाहीत की निराळे ताट नाही. त्या काळच्या साहेबाने शेर्पाच्या पातेल्यातले खावे, ही काही लहान गोष्ट नव्हती. म्हणून ही केवळ दोघांच्या मैत्रीची कथा आहे असे मी म्हणणार नाही. आंगथारके पुढे वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर राहिला आणि १९५० साली फ्रेंच लोक अन्नपूर्णेवर गेले तेव्हा त्यांच्या शेर्पांचा सरदार तोच होता.

अखेर घळ संपली आणि ते आत पोहोचले. आत हिरवी कुरणे, रानफुले, माणसाला न भ्यालेली जनावरे. नकाशावर जिथे कोरी जागा होती तिथे ते उभे होते. पावसाळा येईपर्यंत त्यांनी उत्तरेकडचा भाग पाहून नकाशासाठी मोजणी केली आणि ते बाहेर पडले.

पावसाळ्यात स्वस्थ बसावे की नाही? नाही. ते बद्रीनाथकडे गेले. बद्रीनाथ आणि केदारनाथ या दोन्ही ठिकाणची पूजा एके काळी एकच पुजारी एकाच दिवशी करीत असे, अशी तिकडे आख्यायिका आहे. दोन क्षेत्रांच्या मधला तो डोंगर त्यांनी भर पावसात ओलांडला. पलीकडे उतरले ते वेळूच्या दाट रानात. दिवसाला मैलभर वाट सरेना, अंगावरचे कपडे वाळेनात आणि शिधा संपत आला. मग त्या पाचांनी वेळूचे कोंब उकडून खाल्ले. आपल्याकडे कोकणात नि मावळात वास्त्याची भाजी करतात, तीच, पण मीठमसाल्यावाचून आणि दोन्ही वेळा. त्या कोंबांवर अस्वलांचाही डोळा होता, त्यामुळे सावध राहावे लागे. भुकेने माणसाचा खरा स्वभाव वर येतो. अशा दिवसांत एखाद्याने घास लपवला असता, तर ती मैत्री तिथेच संपली असती. ती संपली नाही. पाऊस ओसरल्यावर हीच पाच माणसे पुन्हा ऋषिगंगेच्या घळीतून आत गेली आणि दक्षिणेकडचा भाग पाहून तटावरून उतरून परतली.

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. त्या काळच्या इंग्रजी रिवाजात साधी ओळख असली की आडनावाने हाक मारीत आणि घरोबा झाला की पहिल्या नावाने. चार वर्षांची ओळख, एका दोरावरचे चढणे, सात महिन्यांचे एकत्र राहणे आणि एका पातेल्यातले खाणे झाल्यावर शिप्टन त्याला म्हणाला की, आता तरी मला आडनावाने हाक मारू नकोस. युद्धात दोन पदके मिळवलेला टिलमन यावर लाजून खाली पाहू लागला. तसे म्हणायला आपल्याला फार वेड्यासारखे वाटते, असे काहीसे पुटपुटला. शिप्टनने हे स्वतःच लिहून ठेवले आहे.

हसू येते खरे. पण आपले वडील, आपले चुलते आठवून पाहा. बैल विकताना पाठ फिरवून उभा राहणारा, लेक सासरी निघाली की गोठ्यात जाऊन उगाच दावी तपासणारा माणूस आपण पाहिला आहे ना? पुरुषाच्या तोंडाला माया जड जाते. हा काही गुण आहे असे मी म्हणत नाही. पण तो आहे तसा धरून चालले, तर त्याची माया बोलण्यात शोधून उपयोग नाही. ती त्याने उचललेल्या ओझ्यात शोधावी. आणि बोलायचेच झाले, तर असा माणूस समोरासमोर बसून बोलत नाही. शेजारून चालताना, दोघांचे डोळे वाटेवर असताना बोलतो.

दुसरी गोष्ट मानापानाची. गावात कितीतरी मैत्र्या पाणवठ्यावर टिकतात आणि निवडणुकीत तुटतात, कारण तिथे पहिला कोण हा प्रश्न उभा राहतो. या दोघांपुढेही तो उभा राहिला. १९३५ च्या एव्हरेस्टकडच्या मोहिमेचा नायक शिप्टन होता आणि वयाने वडील असलेला टिलमन त्याच्या हाताखाली गेला. त्या उंचीवर टिलमनची प्रकृती नीट साथ देईना, म्हणून १९३६ च्या एव्हरेस्ट मोहिमेतून त्याला वगळले. शिप्टन एव्हरेस्टला गेला. टिलमन मात्र इंग्रज-अमेरिकन मंडळींबरोबर नंदादेवीवर गेला आणि २९ ऑगस्ट १९३६ रोजी ओडेल नावाच्या सोबत्यासह शिखरावर पोहोचला. १९५० पर्यंत माणसाने याहून उंच शिखर सर केले नव्हते.

विचार करा. दरवाजा दोघांनी मिळून शोधला होता. माथ्यावर मात्र एकटा टिलमन गेला आणि शिप्टन त्या वर्षी एव्हरेस्टहून रिकाम्या हाताने परतला. एखाद्याच्या मनात सल राहिला असता. पण दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, दोघे काराकोरमपलीकडच्या शक्सगाम खोऱ्यात नकाशाच्या कामाला एकत्र गेले. आणि १९३८ साली एव्हरेस्टच्या मोहिमेचा नायक टिलमन झाला, तेव्हा शिप्टन त्याच्या हाताखाली गेला. म्हणजे दोरावरची बारी नायकपणातही पाळली गेली. एक चढला, दुसरा दोर धरून थांबला.

मग दुसरे महायुद्ध आले. टिलमन चाळिशी उलटलेली असताना पुन्हा लढाईवर गेला आणि विमानातून छत्रीने शत्रूच्या मुलखात उतरला. शिप्टनची नेमणूक मध्य आशियात, काशगरला, इंग्रज सरकारचा वकील म्हणून झाली. सात-आठ वर्षे गेली. तुमच्या-आमच्या मैत्र्या जिथे विझतात, तेवढा हा काळ. परंतु १९४७ साली टिलमन डोंगर ओलांडून शिप्टनपाशी येऊन उभा राहिला आणि दोघे, ग्याल्गेन नावाच्या शेर्पाला घेऊन, मुझताग आता या साडेसात हजार मीटरच्या डोंगरावर चढले. माथा जवळ आला असताना वाऱ्याने आणि थंडीने त्यांना परत फिरवले. शिप्टनच्या पायाला हिमदंश झाला. टिलमन तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता आणि शिप्टन चाळीस. पुढच्या वर्षीही दोघे तिकडच्या डोंगरांत भटकले. शिखर त्याही वर्षी मिळाले नाही.

यानंतर त्यांची एकत्र मोहीम झाली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीला गोड शेवट लावण्याचा मोह होतो. शिप्टनचे पुढचे दिवस वाईट गेले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नायकपण त्याला आधी देण्यात आले आणि मग काढून घेण्यात आले. तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर गेले तेव्हा तो तिथे नव्हता. संसार मोडला. काही काळ त्याने जंगलात मजुरीही केली. टिलमनने उंच डोंगर सोडून समुद्र धरला. १९५४ साली त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली आणि तीतून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जाऊन १९५५-५६ मध्ये पातागोनियाचे हिमक्षेत्र ओलांडले. काही वर्षांनी शिप्टनही त्याच पातागोनियात पोहोचला आणि १९६०-६१ मध्ये बावन्न दिवस त्याच हिमावर चालला. दोर सुटला होता, पण वाट एकच राहिली होती.

मार्च १९७७ मध्ये शिप्टन गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एकोणऐंशी वर्षांचा टिलमन एका तरुण नाविकाच्या बोटीतून रिओ द जानेरोहून फॉकलंड बेटांकडे निघाला. ती बोट पुन्हा कोणाला दिसली नाही. त्यांनी शोधलेले नंदादेवीचे आतले रान आज राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८८ पासून जागतिक वारसा म्हणून जपले जाते.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे हिमालयाचे झाले. आम्हांला इथे पाण्याची पाळी चुकवता येत नाही. खरे आहे. म्हणून शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, आणि तीत मोठेपणा काही नाही.

माझा एक शाळासोबती आहे. माझ्या गावी, जुन्नरच्या बाजूला, कांदा आणि टोमॅटो पिकवतो. सोळाव्या वर्षी आम्ही दोघे विहिरीचे चऱ्हाट आणि चार भाकरी घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. चऱ्हाटाचा काडीचा उपयोग झाला नाही, पण ते बरोबर आहे याचा आम्हांला मोठा धीर होता. पुढे दर मार्गशीर्षात जायचा नेम झाला. मग मी एम. ए. झालो, कॉलेजात लागलो, शहरात बिऱ्हाड केले. तो दर दिवाळीत विचारायचा, "यंदा गडावर यायचं का?" मी सांगायचो, "अरे, पेपर तपासायचे आहेत." पुढच्या दिवाळीत पुन्हा तेच. अशी अकरा वर्षे गेली. बाराव्या दिवाळीत त्याने विचारलेच नाही.

नकार देण्याचा त्रास वाचला म्हणून मला आधी बरे वाटले, हे कबूल करतो. मग झोप येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेतावर गेलो. तो दारे धरीत होता. मी बांधावरून म्हटले, "औंदा जायचं का?" त्याने फावड्याने दार मोडले, पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडले, आणि वर न बघता म्हणाला, "तुझे पेपर?"

"राहू देत."

महिन्याभराने आम्ही निघालो. टोलार खिंडीच्या अलीकडेच माझा दम उखडला. कारवीच्या रानातून चढताना मी दर पाच मिनिटांनी थांबू लागलो. तो काही बोलला नाही. एकदा मी पाणी पीत होतो, तेवढ्यात त्याने माझ्या पिशवीतले धान्य आणि पातेले काढून स्वतःच्या पिशवीत टाकले आणि चालू लागला. टिलमन-शिप्टनची पुस्तके मी कॉलेजात असताना वाचली होती. त्यातली ओझ्याची गोष्ट मला त्या चढणीवर कळली.

रात्री देवळाजवळच्या लेण्यात जाळ केला. पिठलं-भाकर झाली. जाळाकडे बघत तो सांगू लागला. दोन वर्षे कांदा मातीमोल गेला होता. सोसायटीचे कर्ज थकले होते, त्यावर खासगी कर्ज. घरात कोणाला आकडा माहीत नव्हता. "दिवाळीत तुला इचारलं न्हाई," तो म्हणाला, "कारण मनात काय बी भरलं व्हतं. पुढच्या मार्गशीर्षापर्यंत मी असन का नसन, याचाच भरवसा वाटत नव्हता. मग बोलवायचं कशाला?"

श्रोतेहो, त्या वर्षभरात मी त्याला तीनदा भेटलो होतो. एकदा लग्नात, एकदा बाजारात, एकदा एस. टी. च्या थांब्यावर. तिन्ही वेळा मी विचारले होते, "कसं काय?" आणि तिन्ही वेळा तो म्हणाला होता, "बरं आहे."

मी त्याला उपदेश केला नाही. काय करणार होतो? जाळात लाकूड सारले आणि पहाटेपर्यंत जागा राहिलो. सकाळी कोकणकड्यावर जाऊन आलो. उतरताना ठरले, की गावी पोहोचल्यावर आधी घरात आकडा सांगायचा आणि सोमवारी दोघांनी बँकेत जायचे. त्याच्या बायकोला त्याने सांगितले तेव्हा मी ओट्यावर बसून होतो. ती एवढेच म्हणाली, "मला वाटलंच होतं." कर्ज अजून फिटलेले नाही, हप्ते बांधून मिळाले आहेत. पण तो आहे. आणि दिवाळीत आता विचारण्याची बारी आम्ही वाटून घेतली आहे. एक वर्ष त्याने विचारायचे, एक वर्ष मी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. सहलीला मुले नेता तेव्हा त्यांना मोटारीतून उतरवून पुन्हा मोटारीत बसवू नका. थोडे चालवा. दोघादोघांत एक ओझे द्या, एक शिदोरी द्या आणि ओझ्याची बारी लावून द्या. पुढे ती मुले तुमच्या धड्यातले काय विसरतील सांगता येत नाही, पण आपल्या बारीला कोणी ओझे घेतले, हे त्यांच्या लक्षात राहील.

आणि बाकीच्यांना एवढेच सांगतो. तुमचाही असा एखादा माणूस असेल. पूर्वी दर वर्षी विचारायचा, हल्ली विचारीत नाही. हिमालय लांब आहे. जवळचा डोंगर, जत्रेची पायवाट, दोन गावांपलीकडचे देऊळ, काहीही चालेल. पेपर, पाळी, पाहुणे यांतले कारण तुमच्याही तोंडाशी तयारच असेल. ते बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी त्याच्या बांधावर जा. तो वर बघणार नाही कदाचित. तुम्ही विचारा.